देवीचा गूळ

नागपूरच्या डॉक्टरनं आईला दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही एका दमात सांगितल्या हीच त्याची चूक झाली. पहिली, हिला साखरेची बिमारी आहे, रोज सुई टोचायची, गोड कायमचं बंद. दुसरी, सुईनंतर कधी घाम फुटून थरथर सुटली, बरळायला लागली, तर ताबडतोब गूळ चारा, नाहीतर पोरगी हातची जाईल. मी सोळा वर्षांची, वाळून काडी झालेली, दोघांच्या मध्येच बसले होते. माझ्याशी मात्र कोणी बोलत नव्हतं.

परतीच्या आगगाडीत आईनं नागभीड येईपर्यंत त्या दोन गोष्टी बोटांवर मोजल्या. मग म्हणाली, "डॉक्टर पागल हाय. साखरेची बिमारी म्हणते, अन् गूळच चारा म्हणते."

पहिली गोष्ट तिला पटली होती, आणि ती तिनं अशी पाळली की विचारू नका. गूळ शिंक्यात गेला, शिंकं आढ्याला गेलं. 'गोड' हा शब्दसुद्धा घरातून हद्दपार झाला. औषधाची बाटली रांजणाखालच्या ओल्या रेतीत ठेवायची, सुई उकळायची, मांडीत खुपसायची, हे मी शिकले. रडत आणि डॉक्टरला शिव्या देत शिकले. दुसऱ्या गोष्टीचं विचारलं की आई म्हणायची, तसं काही होत नाही. मला फार भीती वाटायची. आपण त्या शिंक्याकडे बघत बघतच मरणार, असं वाटायचं.

रोवणीच्या पहिल्या दिवशी मी हट्टानं बांधीत, भाताच्या खाचरात, उतरले. सकाळी सुई टोचलेली, भात मोजकाच खाल्लेला, आणि वाकून वाकून चिखलात धानाचं रोप लावायचं. ऊन चढलं तसे हात कापायला लागले, अंगाला घाम सुटला. मला आईकडे गूळ मागायचा होता, पण तोंडातून नुसताच हुंकार निघाला. शेजारच्या मावशीनं हातातली जुडी टाकली. पोरीच्या अंगात आलं, म्हणाली.

मग काय विचारता. बायांनी मला बांधावर बसवलं, केस मोकळे सोडले, कपाळभर कुंकू फासलं. मी मरणाच्या दारात, आणि मावशी हात जोडून विचारतेय की हरवलेली कालवड कुठी गेली. सगळा जीव गोळा करून मी एकच शब्द काढला, "गूळ."

रोवणीच्या पूजेचा गुळाचा खडा आईच्या पदराला बांधलेला होता. पोटच्या पोरीला जो तिनं जन्मात दिला नसता, तो तिनं देवीला दोन्ही हातांनी भरवला. "घे माय," म्हणाली आणि चिखलातच माझ्या पाया पडली. आमच्याकडे देवीलाही माय म्हणतात आणि पोरीलाही, पण त्या दिवशी ती कोणाशी बोलत होती यात शंका नव्हती. जरा वेळानं मी माणसात आले. देवी गेली का, असं तिनं मलाच विचारलं.

पुढे मावशीची कालवड सावली गावच्या बाजारात, गुळाच्या दुकानामागं सापडली, आणि माझी शोभा झाली. लोक प्रश्न घेऊन दारात बसू लागले. एकानं कोर्टाचा निकाल विचारला. ही देवी नाही, बिमारी आहे, असं मी ओरडून सांगायची. ते समजूतदारपणे माना हलवायचे आणि जाताना गूळ ठेवून जायचे. साखरेच्या बिमारीचं आमचं घर, आणि गावात सगळ्यात जास्त गूळ आमच्याच शिंक्यात. आई पदराला खडा बांधूनच फिरायची. देवीचा काय भरवसा, म्हणायची. मला त्या देवीचा हेवा वाटायचा आणि आईचा संताप यायचा.

धान घरात आलं त्या सुमाराला, एका दुपारी तांदूळ पाखडता पाखडता माझ्या हातातलं सूप पडलं. घरात आम्ही दोघीच. मला सगळं धूसर दिसत होतं, पण दिसत होतं. कुंकवाचा करंडा आईच्या हाताशी होता, तिनं त्याला बोट लावलं नाही. हात जोडले नाहीत, काही विचारलं नाही. पदराची गाठ सुटेना म्हणून तिनं ती दातांनी फाडली, माझं डोकं मांडीवर ओढलं आणि गूळ तोंडात कोंबला.

"खाय माय," म्हणाली. "खाय वं."

देवीला कोणी असं मांडीवर घेत नाही.