बोटी टनांत मोजतात

लंडनमधल्या पिनरच्या हॉलमध्ये आमच्या मराठी ज्येष्ठांच्या मंडळाचं महिन्याला एक व्याख्यान असतं. त्या महिन्यात वक्ते होते डॉक्टरकाका, आणि विषय दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन पाणबुडी कप्तानाची कारकीर्द. स्लाइड मी करायच्या आणि शेवटी आभारही मीच मानायचे, असं ठरलं.

काकू गेल्यापासून काका घराबाहेर पडत नव्हते, पाणबुड्यांवरची पुस्तकं वाचत बसायचे. भाषणाचं कबूल केलं तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं, आईला सर्वांत जास्त. ती नर्स म्हणून इथे आली तेव्हा खोली बघायला गेलं की आपले लोक आधी आडनाव विचारायचे. काकांनी चहात साखर किती, एवढंच विचारलं. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो.

स्लाइड आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर केल्या. कॅडेट म्हणून भरती, शिडाच्या जहाजावर प्रशिक्षण, तिशीच्या आत पाणबुडीचा कप्तान, पदकं, शेवटी ब्रिटिशांचा कैदी. प्रत्येक स्लाइडला काका म्हणत, "शिस्त बघ!" शेवटच्या स्लाइडवर बुडवलेल्या बोटींची बेरीज होती, टनांत.

"काका, यात माणसं किती?"

"कुठली माणसं?"

"बोटींवरची."

"अगं, नौदलात टनांतच मोजतात. आणि हा सभ्य होता. होडीत उतरलेल्यांना पाणी द्यायचा, किनारा कुठे आहे ते सांगायचा."

"बॉयलरपाशी होते ते होडीपर्यंत पोचायचे का?"

"आता माझ्यावर पत्रक काढणार वाटतं!"

आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा ती विहारात वाटायचे, आणि उरलेल्यांवर मी मराठी वाचायला शिकले. त्यांतल्याच एकात लिहिलं होतं की ब्रिटिश मालबोटींच्या तळाशी कोळसा टाकायला कोकणातली माणसं असत. त्यांना आगवाले म्हणत. टॉर्पेडो लागला की पाणी आधी त्यांच्याकडे यायचं. त्या पाणबुडीवर झेंडा कोणाचा होता, ते सांगायला नको. शिस्त कशासाठी, हे न विचारता शिस्तीचं कौतुक करणं मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

काकांना घ्यायला जाताना गाडीत आई म्हणाली, "आभार म्हणजे आभार. हॉल, माईक, चहा. त्या माणसाने आपल्याला घर दिलंय. त्यांना दुखवलंस तर ते परत दार लावून बसतील."

काका छान बोलले. मागून एक आजोबा म्हणाले, "असे लोक आपल्याकडे हवे होते!"

"असते तर उशिरा येणाऱ्यांना आधी बुडवलं असतं," त्यांच्या शेजारच्या आजी म्हणाल्या. "तुमचा नंबर पहिला."

हशा संपला आणि मी उठले. हॉलचे आभार मानले, माईकचे मानले, वेम्बलीहून सामोसे आणणाऱ्यांचे मानले. आईकडे पाहिलं नाही. "या बोटींच्या तळाशी आपल्या कोकणातले आगवालेही होते," मी म्हणाले. "ते टनांत धरलेले नाहीत. त्यांचेही आभार."

टाळ्या पडल्या नाहीत. अध्यक्षबाईंनी चहा तयार असल्याचं जाहीर केलं. काकांनी खांद्यावरची सत्काराची शाल काढून नीट घडी केली आणि दुसऱ्याच कोणाच्या गाडीतून घरी गेले. आम्ही त्यांना आणलं होतं. त्यानंतर रोज कामावरून आल्यावर आई एवढंच विचारायची, "फोन आला?"

फोन पुढच्या आठवड्यात आला.

"रीडिंग गावच्या मराठी मंडळाला तेच भाषण हवंय," काका म्हणाले. "शेवटची स्लाइड बदलून दे."

"काय बदलू?"

"टन राहू देत, ते बरोबर आहेत. खाली ते आगवाल्यांचं घाल. पाणी आधी कुठे शिरायचं, ते मीच सांगेन. तू आभारांत उरकून टाकलंस."

"आणि आभार?"

"आभार दुसरं कोणीतरी मानेल," काका म्हणाले आणि आईला फोन द्यायला सांगितलं.