ताईची घट्ट वेणी

माझी थोरली बहीण बायकांचे केस कापते. एका लांबट खोलीत दोन खुर्च्या, मागे केस धुवायचं बेसिन, आणि टॉवेल धुवायला, केर काढायला मी. बहीण म्हणून लाड वगैरे काही नाही हं, चुकलं की चारचौघींत फाडकन बोलते.

पण केस गळण्याचं कारण ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. बाई रडत खुर्चीत बसली की ताई आधी चिमटीत थोडे केस धरून हलकेच ओढून बघणार, मग विचारणार, बाळ किती महिन्यांचं? मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला का? बारीक व्हायचं म्हणून जेवण सोडलंयस का? बाळंतपणानंतर गळलेले केस परत येतात, रडू नकोस. तुझा चेहरा पांढराफटक दिसतोय, आधी रक्त तपासून घे. टाळूवर गोल चट्टा दिसला तर सरळ डॉक्टरकडे पिटाळायची. महागाचं तेल मागणारीला म्हणायची, ते पैसे पोटात घाल. आणि केस करकचून बांधून आलेल्या प्रत्येकीचे कान उपटायची. दुखलं म्हणजे बांधणं चुकलं, हे तिचं वाक्य मला झोपेतही ऐकू येतं.

आता घरचं सांगते. ताईला एकच मुलगी, आम्ही तिला बिट्टी म्हणतो. बाप लवकर गेला, तेव्हापासून पोरगी म्हणजे ताईचा जीव की प्राण. सहाव्या वर्षी बिट्टी जिम्नॅस्टिक्सला जायला लागली. तिथे एक बट सुटलेली चालायची नाही. ताई रोज सकाळी तिला पुढ्यात बसवून अशी वेणी घालायची की पोरीच्या भुवया वर जायच्या. मग तिचा घट्ट अंबाडा. बिट्टी कळवळायची. ताई म्हणायची, दोनच मिनिटं, सोस जरा. आणि तिचं डोकं हलू नये म्हणून धरून कोण बसायचं? मीच मेली.

बिट्टी सोळाची झाली तेव्हा कानशिलांवरचे केस विरळ दिसायला लागले. मी म्हटलं, ताई, हे बघ. ताईने बघितलं. वय आहे, अभ्यासाचा ताण आहे, होईल नीट, म्हणाली. दुसरी कुणाची पोर असती तर एका नजरेत ओळखलं असतं! त्या दिवसापासून ती पुढचे आणखी केस मागे घ्यायची, विरळ जागेवरून ताणून बसवायची आणि वर पिना. केस धुणं, विंचरणं सगळं ताईच्याच हातात, आणि झाकलं इतकं बेमालूम जायचं की बिट्टीला आरशात काही दिसायचंच नाही. झाकण्यासाठी जितकं ताणायचं तितकं आणखी जायचं, आणि जितकं जायचं तितकं ताई आणखी ताणायची. अशी तीन वर्षं गेली. मला कळत होतं, पण तिच्यापुढे तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. त्याचा मला आजही राग येतो.

एकोणिसाची झाल्यावर बिट्टी वसतिगृहात गेली. पहिल्याच दिवशी स्वतःचे केस स्वतः विंचरले आणि फोनवर नुसती रडली. ताई दुकान बंद करून धावली, मागोमाग मी, आणि बिट्टीला घेऊन आम्ही डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून कानशिलं बघितली. कातडी गुळगुळीत झाली होती. मुळं मेली आहेत, इथे आता केस येणार नाहीत, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तीन वर्षांपूर्वी बांधणं सैल केलं असतं तर बहुतेक आले असते. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

ताई म्हणाली, "मीच झाकत होते."

घरी आल्यावर ताईने पिनांचा डबा उचलून कचऱ्यात टाकला आणि जमिनीवर बसून हमसून हमसून रडली. तिला असं रडताना मी तिचा नवरा गेला तेव्हाही बघितलं नव्हतं.

सुट्टीत बिट्टी आली ती केस बारीक कापून. दुकानात येऊन बेसिनपाशी बसली, आईला म्हणाली, धुवून दे. ताई मागे उभी राहिली. पाणी सोडलं, पण हात काही पुढे जाईना. पाणी नुसतंच वाहत होतं. बिट्टीने मान न वळवता आईचा हात धरला आणि आपल्या उघड्या कानशिलावर ठेवला.

"लाव हात, आई. इथे आता दुखत नाही."

ताईने केस धुतले, टॉवेलने हलकेच टिपले. पण त्यानंतर तिने कुणाचीही वेणी घातली नाही. लहान मुलगी आली की ती कात्री पुसत बसते. वेण्या मी घालते, सैल, आणि प्रत्येक पेडाला विचारते, दुखतंय का गं?