मीटरकाकांचा शब्द

नागपुरात त्या काळी आमच्या गल्लीतल्या मीटरकाकांइतका संशयी माणूस दुसरा नव्हता, आणि डोळे मिटून ज्याच्यावर भरवसा टाकावा असाही दुसरा नव्हता. हे एकाच माणसाचं वर्णन कसं, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी तो खुशाल पडू द्यावा. काकांना तो आवडलाच असता. लाईटच्या ऑफिसात ते मीटर रीडर होते. महाल भागातल्या गल्लीबोळांतून सायकल दामटत घरोघरचे आकडे वहीत उतरवायचे. त्यांचे सोबती चहाच्या टपरीवर बसून मागच्या महिन्याच्या आकड्यात थोडी भर घालत आणि नवा आकडा लिहून मोकळे होत. त्याला ते 'अंदाजाचं रीडिंग' म्हणत. काकांना हा शब्द शिवीसारखा लागे. दाराला कुलूप असलं तर ते तीन-तीन खेपा घालत, पण आकडा पाहूनच लिहीत. एकदा एका लग्नघरात नवरी हळदीला बसलेली आणि मीटर नेमकं तिच्या डोक्यावर. बायका गाणी म्हणताहेत, आणि त्यातून हे खाकी कपड्यांतले गृहस्थ वाट काढत पुढे. "पोरी, जराशी सरक वं, आकडा पाहू दे." नवरी बिचारी सरकली. काकांनी स्टुलावर चढून आकडा पाहिला, उतरून तिला आशीर्वाद दिला आणि खांद्याला लागलेली हळद तशीच मिरवत दिवसभर महालात फिरले.

हाच न्याय त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. कोणी काही सांगितलं की काकांचा पहिला प्रश्न, "तुम्ही पाह्यलं का?" नाही म्हटलं की दुसरा, "मंग कोणी सांगितलं? त्यानं पाह्यलं का?" एवढ्यातच समोरचा घामाघूम होई. माझे वडील कचेरीत कारकून. सकाळी ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचायची त्यांना सवय. कोराडीच्या वीजघराचं धुराडं आभाळाला भिडलं, असं त्यांनी एकदा वाचून दाखवलं, तर हे रविवारची बस पकडून थेट कोराडीला. संध्याकाळी परतले ते डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखून. "पाहून आलो गा. धुराडं आहे. भिडलं-बिडलं काही नाही, अजून बांधूनच राहिले." काकांच्या घरी बैठकीत बुद्धाची तसबीर होती. माझ्या आईनं एकदा वैतागून त्यांना विचारलं, "भाऊजी, यांच्यावर तरी विश्वास आहे ना तुमचा?" तर म्हणतात कसे, "वहिनी, त्यायनंच तर सांगितलं, मी म्हणतो म्हणून मानू नका."

मिठाची गोष्ट तर आमची गल्ली जन्मात विसरायची नाही. शहरातलं मीठ संपणार अशी एकदा आवई उठली. दुपारपर्यंत घराघरांत मिठाचे ढीग येऊन पडले. आमच्या आईनं तर न्हाणीघरातली बादली रिकामी करून मिठानं भरली. काका ड्युटीवरून आले, त्यांनी वही उघडली आणि बातमीच्या उलट्या दिशेनं चालू लागले. "तुम्हाले कोणी सांगितलं?" आई म्हणाली, शेजारणीनं. शेजारीण म्हणाली, शिंपीणबाईंनी. शिंपीणबाई म्हणाल्या, समोरच्या मास्तरीणबाईंनी. दर दारी नाव लिहून घेत काका सात घरं मागे गेले, आणि आठवं घर निघालं त्यांचं स्वतःचं. काकू सकाळी नळावर एवढंच म्हणाल्या होत्या, "मीठ संपलं वाटते." तेही आपल्या डब्यातलं! त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीत मिठाचा सुकाळ आणि काकांच्या ताटात अळणी भाजी, कारण काकू दुकानात पोचेपर्यंत तिथं मिठाचा खडा उरला नव्हता.

या माणसाच्या सावलीत वाढल्यामुळे शाळेत माझे हाल झाले ते वेगळेच. भूगोलाच्या सरांनी पृथ्वी गोल आहे म्हणून सांगितलं, आणि मी उभी राहून विचारलं, "सर, तुम्ही पाहिली का?" सरांनी मला आठवडाभर बाकावर उभं राहायची शिक्षा दिली. ही हकीकत काकांच्या कानावर गेली, तसे ते दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सायकल घेऊन शाळेत हजर. मला वाटलं, आता नाव कटणार. काकांनी सरांना हात जोडून तोच प्रश्न विचारला. सर आधी लाल झाले. मग म्हणाले, "नाही पाह्यली. पण ग्रहणात चंद्रावर तिची सावली गोल पडते, ते मात्र म्या पाह्यलं आहे." काकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! सरांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "मास्तर असा पाह्यजे. पाह्यलं ते पाह्यलं म्हणते, नाही पाह्यलं ते नाही म्हणते. पोरी, याच्यापाशी शिक तू." पुढे त्यांनी आपली दोन्ही मुलं त्याच शाळेत घातली. माझी बाकावरची शिक्षा मात्र कोणी माफ केली नाही; ती मी पूर्ण भोगली.

मग माझी मॅट्रिक आली. सावनेरचे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, त्यांनी वडिलांना शिकवलेलं, त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: पोरगी पास झाली तर कॉलेजात घाला, नापास झाली तर सावनेरात एक स्थळ पाहून ठेवलं आहे. निकालाच्या दिवशी पेपरात नंबर छापून येत. वडिलांनी ते पान तीनदा पाहिलं, मी सात वेळा पाहिलं. माझा नंबर नव्हता. गल्ली समजूत घालायला लोटली. जो तो म्हणे, पेपरवाल्यांची चूक असेल, छापताना राहून गेला असेल. मला त्यांच्यापैकी एकाचंही खरं वाटत नव्हतं. माझी सगळी आशा मीटरकाकांवर होती. ज्या माणसानं जन्मात पेपरावर विश्वास ठेवला नाही, तो आजच कसा ठेवेल? झालंही तसंच. "छापलं म्हणजे झालं काय?" असं म्हणून काकांनी सायकलवर टांग मारली आणि शाळेत गेले. मी दारात उभी राहिले. अर्ध्या तासानं सायकल परत आली. काका उतरले, माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "पेपर खरा आहे, पोरी. म्या शाळेतला कागद पाह्यला. गणितात गेली तू."

मी रडायला लागले, आणि आई त्यांच्यावर कडाडली, "जरा सबुरीनं सांगता नाही आलं का हो? लेकराच्या तोंडावर धोंडा मारल्यासारखं!" काकांनी खाली मान घालून ते ऐकून घेतलं. मग माझ्या गणिताच्या वह्या मागितल्या, होत्या तेवढ्या सगळ्या पिशवीत भरल्या आणि घरी नेल्या.

रविवारी मोठेबाबा आले. त्यांनी पाणीसुद्धा न पिता स्थळाचा विषय काढला. वडील चाचरत म्हणाले, "ऑक्टोबरात पुन्हा बसते म्हणते पोरगी." "आणि पास होईल हे कशावरून?" मोठेबाबांनी विचारलं. "होईल जी," वडील म्हणाले. "होईल, होईल," आई म्हणाली. मोठेबाबा नुसते हसले. बाप आणि आई आणखी काय म्हणणार? तेवढ्यात मीटरकाका वह्यांची पिशवी घेऊन आले. आईचा राग अजून उतरलेला नव्हता. ती मोठेबाबांना म्हणाली, "हेच ते! लोकं धीर देऊन राहिले होते, आणि हे गृहस्थ शाळेत जाऊन पाहून आले अन् पोरीला तोंडावर नापास म्हणाले." आईनं तक्रार म्हणून सांगितलं, पण मोठेबाबा नीट वळून काकांकडे पाहू लागले. "मग तुम्हीच सांगा. ऑक्टोबरात हिचं काय होईल?" काकांनी पिशवी खाली ठेवली. "पास होते. सगळ्या वह्या पाह्यल्या म्या. भूमितीत पक्की आहे. बीजगणितात एकाच ठिकाणी अडकते, तेवढं सुधारलं की झालं." मोठेबाबा म्हणाले, "ठीक आहे. या माणसानं वाईट ते तोंडावर सांगितलं, तर चांगलं खोटं कशाले सांगन? थांबतो ऑक्टोबरपर्यंत."

मी काकांच्या मागे धावत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. "काका, बीजगणितात मी कुठं अडकते? दाखवा ना." काकांनी सायकल थांबवली. इकडंतिकडं पाहिलं. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता, चोरी पकडली गेल्यासारखा. "मले काय कळते वं त्यातलं?" ते हळूच म्हणाले. "सातवी शिकलो मी. चार दिवस पानं उलटली, एक अक्षर समजलं नाही. एवढंच पाह्यलं का तुझं गणित चुकलं तर तू खोडून पुन्हा केलं, पुस्तकाच्या मागचं उत्तर आणून चिकटवलं नाही. बाकी अंदाजानं ठोकून दिलं." मग हँडल घट्ट धरून म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा न पाहता आकडा लिहिला, पोरी. आता तो खरा करणं तुझ्या हाती आहे."

ऑक्टोबरात मी पास झाले. कॉलेजात गणितच घेतलं, आणि पुढं नोकरी संपेपर्यंत शाळेत तेच शिकवलं. काकांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गल्लीतलं जुनं कोणी भेटलं की बोलता बोलता काकांचा विषय निघतो, आणि हटकून कोणी तरी म्हणतं, "त्या माणसानं जन्मात एक गोष्ट न पाहता सांगितली नाही बुवा." मी मान डोलावते. एकदा सांगितली होती, माझ्यासाठी, हे अगदी ओठांवर येतं आणि मी ते गिळून टाकते. काकू होत्या तोवर त्यांनाही मी ते कधी सांगितलं नाही.