भावाच्या पायातला पट्टा आणि मायची पन्नी

करडीकरांनो, आज दुपारी आमच्या शेतात काय झालं, ते माझ्याकडूनच ऐका.

माझा भाऊ जामिनावर आहे. कोर्टाच्या अटीनं त्याच्या पायात जीपीएसचा पट्टा आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. आज आमचा धानाचा रोवणा होता, बाया रोपं लावत होत्या. माय नि भाऊ शेतात, मी घरी होते, तर पोलीस ठाण्यातून फोन आला, "सिग्नल बंद हाय. पट्टा कापून पळाला काय तो?"

मी धुऱ्यावरून धावतच गेले. भाऊ बांधीतल्या चिखलातच उभा होता, पण पायाला फडकं बांधलेलं. सोडलं तर आत पोळ्या गुंडाळायची चंदेरी पन्नी! ती फाडली, ठाण्यात फोन लावला. सिग्नल परत आला असं ठाणेवाले म्हणेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. पुन्हा असं झालं तर जामीन जाईल, म्हणाले.

मी विचारलं, "माय, कायले झाकलं वं?"

"बाया त्याच्या पायाकडेच पाहून राहिल्या होत्या, माह्याशी कोणी बोलेना. जखम हाय म्हणून सांगतलं. फडक्यातून पट्ट्याचा लाइट दिसे, म्हणून पन्नी लावली."

माय अजून जेवली नाही.

उद्याही रोवणा आहे. पट्टा उघडाच राहील. ज्याले पाहायचं हाय, त्यानं खुशाल पाहावं. पण मग मायशीही दोन शब्द बोलाल का?