फोडून न पाहिलेला सेट

आमच्या दादूसची, म्हणजे थोरल्या भावाची, पनवेल–लोणावळा टॅक्सी होती. तिचे ब्रेक आमच्या कारखान्यातले. मी तिथे तपासनीस. साठच्या दशकातल्या त्या काळात आमच्याकडे ब्रेकशूवर लायनर, म्हणजे ब्रेक दाबला की घासणारी पट्टी, रिव्हेटने ठोकायचं सोडून गोंदाने चिकटवायला लागले होते. रिव्हेट निदान डोळ्यांना दिसतो. गोंद आत बसून काय करतो, देव जाणे.

त्यासाठी मुंबईचे साहेब एक मशीन घेऊन आले. ते म्हणे लोखंडातून आवाज सोडतं, माणसाला ऐकू न येणारा, आणि जोडात पोकळी असली की पडद्यावरची हिरवी रेघ उसळते. ऐकूच येत नाही तो आवाज खरा की खोटा, हे कोण सांगणार? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

दादूसची गाडी ब्रेकसाठी अडली होती. साहेबांनी तेलाचं बोट फिरवून, वर मशीनची कांडी टेकवून ब्रेकशूचे दोन सेट तपासले. रेघ शांत.

"दोन्ही पास," ते म्हणाले.

"लायनर नुसता टेकलाय, धरलेला नाही, असं असलं तर?"

साहेब सरळ माणूस. म्हणाले, "ते याला कळत नाही. याला पोकळी कळते. पकड फोडूनच कळते."

झालं. मी छिन्नी घेतली आणि एक सेट फोडला. लायनरचे तुकडे पडले, पण गोंदाने लोखंड सोडलं नाही.

"आता तरी पटलं?" साहेबांनी विचारलं.

काय पटणार, डोंबल. चांगला निघाला तो फोडलेला. गाडीला लागणार होता दुसरा. तोही फोडला तर लावायचं काय?

तो सेट लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली आणि दादूसच्या शेजारी जाऊन बसलो. लोणावळ्याला काम आहे म्हणून सांगितलं.

भाडं सोडून रिकामी गाडी बोरघाट उतरताना दर वळणाला माझा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला जात होता. जीव मुठीत धरला होता मी. दादूस सगळं बघत होता. खोपोलीला त्याने गाडी थांबवली आणि चहा मागवला.

"तुजा त्या मशीनवर इस्वास नाय ना?"

"नाय."

"मंग गाडीत बसलास कशाला?"

मी चहा बशीत ओतत राहिलो. त्याला एकट्याला घाटात धाडून मागे पनवेलला वाट बघत बसणं मला जमलं नसतं. हे तोंडावर कसं सांगणार?

दादूसने चहा संपवला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या पन भाडं हाय. येशील?"

"येतो," मी म्हटलं.