कडेची ओल

सन दोन हजार तेवीस, अधिक श्रावण. मेहकरला माझं फोटो-फ्रेमचं दुकान. अशा दुकानात किस्से काचेच्या चुऱ्यासारखे साचतात. रोज झाडा, टेबलाच्या फटीत उरतातच!

*

कॉलेजच्या लॅबमधली प्रियंका काच कापायला घेऊन आली. बीबी गावची पोरगी, सोलर सेलवर संशोधन करते.

"आबा, या बाजूले बोट लावू नका. खराब होते."

"चाळीस वर्षं देवाले काचेत बसवून राह्यलो. एकाही देवाले बोट लागलं नाही!"

काच कापायची हिरकणी ओढली, बारा तुकडे पाडले. एकही वाया नाही. ती पैसे काढू लागली. शिकणाऱ्याकडून मी घेत नाही.

"मंग देणं राह्यलं तुमचं," ती म्हणाली.

*

तिच्या सरांनी मला लॅब दाखवायला बोलावलं. सेल चॉकलेटी रंगाचे. माल नवा, नाव पेरोव्हस्काइट. उजेडातून वीज झकास काढतो, पण ओल सोसत नाही. पिवळा पडतो, मग बंद. त्यांनी आठ दिवसांपूर्वीचा सेल दाखवला.

"याले तं कावीळ झाली!" मी म्हणालो.

सगळे हसले. मी हसलो नाही. पिवळेपणा कडेकडून आत सरकला होता. तसाच डाग मी घरी रोज बघत होतो.

*

घरी मालतीचा फोटो आहे. माझी बायको. जिवंत होती तेव्हा टोमणा मारायची, "जगाचे देव बसवता, मले कवा बसवसान?"

बसवली, ती गेल्यावर. एकुलता एक फोटो. ओल खालच्या कडेनं शिरली, पदर खाल्ला, त्या साली गळ्यापर्यंत आली. फोटो काचेला चिकटलेला. उघडला तर चेहरा काचेबरोबर निघणार. लोकांच्या शेकडो फ्रेमा उघडल्या, तिथं हात धजला नाही.

*

सरांना म्हणालो, "पाणी कडेनं येते. मी बंद करून देतो."

माझी रीत जुनी. गव्हाच्या पिठाची खळ, वर कागदी पट्टी. सहा सेल मी बंद केले. सहा प्रियंकानं, काळ्या रबरी डिंकानं.

तिचे होते तसे राहिले. माझे तीन दिवसांत पिवळे!

"काऊन वं असं?"

ती खाली बघून म्हणाली, "आबा, खळ ओल ओढते."

मी चपला घातल्या. मालतीची फ्रेमही मी खळीनंच बंद केली होती.

*

चार दिवस दुकान उघडलं नाही. पाचव्या दिवशी प्रियंका घरी आली. भिंतीकडे बघत राहिली. डाग तिनं ओळखला.

"मले देता?"

"उघडू नको."

"नाही उघडत. गेलं ते येत नाही, आबा. डाग पुढं जाऊ देत नाही."

लॅबमध्ये हवा कोरडी ठेवणारी बंद पेटी आहे. प्रियंकानं फोटो काचेसकट त्या पेटीत ठेवला, सेलांच्या शेजारी.

"सर ओरडले असतील?"

"ओरडले. मंग त्याईनंच पेटीवर चिठ्ठी लावली. 'आजी आहेत. हळू उघडा!'"

*

आठ दिवसांनी तिनं फोटो आणला. मागं दुसरी काच, चारही कडांना काळा डिंक. पदर गेला तो गेलाच. चेहरा होता.

मी खिळ्याला लावला. सरळ आहे का ते दोनदा पाहिलं.

"किती झाले?"

"बारा काचा कापल्या होत्या तुम्ही."

"मंग फिटलं," मी म्हणालो.