ब्लँकमधली डांबरगोळी

इकडे परदेशात सेम्बावांगच्या समुद्रकाठी, जिथे पूर्वी जहाजांच्या तेलाच्या टाक्या होत्या, तिथे एक पंप आहे. जमिनीत मुरलेलं तेल पाण्याबरोबर ओढायचं आणि गाळत बसायचं, एवढंच तो करतो. मी त्याचा राखणदार. कार्डावर हुद्दा लांबलचक आहे, पण काम सोपं: दर तिमाहीला बोअरमधलं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवायचं आणि त्यात तेलातलं नॅफ्थलीन उरलंय का ते बघायचं. उरलेलं असतंच. निघतो निघतो म्हणत दारात तासभर गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखं.

गेल्या दोन फेऱ्या मात्र चक्क स्वच्छ आल्या. तिसरीही तशीच आली की पंप बंद आणि माझी बदली पुण्याच्या ऑफिसात. आम्ही दोघंही थकलो होतो. मी त्या पंपाला, आणि बायको तोआ पायोहच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटला, जिथे कपाटातल्या कपड्यांनाही घाम फुटतो.

"अहो, दोनदा आलं ना स्वच्छ? आता काय मुहूर्त काढायचाय?" म्हणत तिने बॅगा भरायलाही घेतल्या.

तिसऱ्या फेरीच्या सकाळी आभाळ फाटलं. माझा रेनकोट बांधलेल्या बॅगेत होता. तो ओढून काढला आणि नाटकातल्या सरदारासारखा त्या मैदानात प्रवेश केला. कोटाचा वास आला का? आला की. पण तो मला घरी जायचा वास वाटला, आणि मी तो चवीने घेतला.

बोअरच्या नळीत साचलेलं शिळं पाणी आधी उपसून टाकावं लागतं. ताजं येईपर्यंत पावसात उभं राहायचं, मग बाटल्या. शेवटची बाटली ब्लँकची, म्हणजे प्रयोगशाळेतलंच शुद्ध पाणी. ते जागेवर ओतून भरायचं आणि परत न्यायचं. त्यात काही सापडलं, तर ते जमिनीचं नाही, आपलं.

आठवड्याने प्रयोगशाळेतल्या चिनी मुलीचा फोन आला. "अंकल, तुमचं पाणी घाण."

"कुठल्या बोअरचं?"

"सगळ्या. ब्लँकसुद्धा! ब्लँकमध्ये नॅफ्थलीन कसं, अंकल? तुम्ही ते खाता की काय, लाह?" 'लाह' म्हणजे इथल्या बोलण्याचं थट्टेचं शेपूट.

घरी येऊन मी दारातूनच गरजलो, "अगं, त्या बॅगेत घातलंस तरी काय?"

"डांबरगोळ्या. का? झुरळं काय तुमचा हुद्दा बघून लांब राहणार आहेत?"

डांबरगोळी म्हणजे निव्वळ नॅफ्थलीन. ज्या चोराला आम्ही वर्षानुवर्षं जमिनीखाली शोधत होतो, त्याला मी अंगावर घालून मिरवत होतो! हे साभिनय सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली.

"म्हणजे बोअरचं पाणी स्वच्छच असणार. सगळा दोष कोटाचा, नाही का हो?"

तसं मलाही वाटलं. तसं वाटणं फार सोयीचं होतं. आम्ही दोघांनी त्या कोटाला दोन दिवस मनसोक्त शिव्या घातल्या.

फेरी पुन्हा केली. कडकडीत ऊन, खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळलेला साधा सदरा, कोटाचा पत्ता नाही. फोन आला.

"अंकल, ब्लँक आता खरोखर ब्लँक," ती म्हणाली. "बोअरही चांगले. फक्त समुद्राकडचा तो एक… सॉरी, अंकल."

या वेळी या मुलीने 'लाह' लावलं नाही, तेव्हाच मी समजलो.

घरी मी अभिनय केला नाही. बायको समजली. तिने बॅग उघडली, फक्त रेनकोट काढला, झटकला आणि बांबूवर वाळत घातला.

"वास जाऊ दे," ती म्हणाली. "पुढच्या फेरीला लागेल तुम्हाला."